रॅम्पच्या वाटेतला दगड

नोव्हेंबरचा पहिला शनिवार, ॲन आर्बरमधलं नर्सिंग होम. हजर: आमच्या शेजारच्या आइसलँडच्या आजी, त्यांची मुलगी आणि मी. विषय एकच: खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना घरी आणणं.

यादी माझी होती. परमिट, कॉन्ट्रॅक्टर, बाथरूममधले आधाराचे दांडे, सगळ्यापुढे टिक. मी फोनवर नव्या रॅम्पचा फोटो दाखवला. आजींनी तो बोटांनी मोठा केला.

"दगड कुठाय?"

आजींच्या दारापुढचा कमरेएवढा दगड रॅम्पच्या आड येत होता, म्हणून कॉन्ट्रॅक्टरने उचलून नेला होता.

"त्यांना विचारलंस?"

मुलीने कपाळाला हात लावला. "आई, प्लीज! तिला काय माहीत?"

मला माहीत होतं. आजींनीच कॉफी पिताना सांगितलं होतं. त्यांच्याकडे अशा दगडात न दिसणारी माणसं राहतात. दगड हलवण्याआधी त्यांना विचारायचं, आवराआवरीला चार दिवस द्यायचे. हजार वर्षांपूर्वी आइसलँड एका सभेत ख्रिस्ती झाला, तेव्हाही घरात गुपचूप जुन्या देवांना बळी द्यायची मुभा राहिली होती. मला ते फार आवडलं होतं. एक सभा, एक निर्णय, भांडण मिटलं.

"तुमचा खरंच विश्वास आहे?" मी तेव्हा विचारलं होतं.

"नाही गं. चर्चच्या नोंदीत माझं नाव आहे, नाताळात जाते. पण खात्री नसताना कोणाचं घर कशाला मोडा?"

इथल्या, मिशिगनमधल्या माझ्या घराची वास्तुशांत हौसेने केलेली मी त्यावर हसले होते. आणि यादी करताना ते विचारणं लिहिलंच नाही.

आजींनी फोन परत दिला. "न विचारता ज्यांना हाकललं, त्यांच्या जागेवरून मी आत जाणार नाही."

"मग राहणार कुठे?" मुलीने विचारलं.

"इथेच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जाऊन माफी माग. मग येईन. तुझ्या भाषेत मागितलीस तरी चालेल. पण खोटं सांगू नकोस मला."

पार्किंगमध्ये मुलगी म्हणाली, आई आली नाही तर मार्चमध्ये घर विकायला काढते.

दगड कॉन्ट्रॅक्टरच्या यार्डात आहे, जुन्या फळ्यांच्या मागे. मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा तिथे माणसं होती. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं. मी दगडावरचा बर्फ हाताने झाडला, तोंड उघडलं आणि गाडीत येऊन बसले.

आता फेब्रुवारी संपत आलाय. रॅम्पवरचा बर्फ मीच काढते. यादीत नंतर लिहिलेली एकच ओळ टिकशिवाय उरली आहे: दगडाशी बोलणे.