गाळलेलं पाणी

त्या उन्हाळ्यात माझं परमेश्वराशी उघड भांडण चाललं होतं. तुझा नेम पाळला म्हणून माझं पाणी तुटलं, तर आता तूच आण! आम्ही महानुभाव, खानदेशातून माळव्यात, धारकडच्या तिरल्याजवळच्या उजाड माळावर नवी शेती करायला आलेलो. दिवसभर दगड वेचायचे, सांजेला नामस्मरण. पाणी शेजारच्या गेंदाबाईच्या विहिरीचं. आमच्यात पाणी गाळूनच पितात आणि फडक्यात अडकलेले जीव परत पाण्यात सोडतात. मी तरणी, पदरात एक लेक, सगळा पंथ जणू माझ्याच खांद्यावर उभा! गेंदाबाईच्या देखत फडकं तिच्याच विहिरीत झटकलं.

"म्हारा पाणी में कीड़ा हे कईं?" ती कडाडली.

"हैं, तभी तो छानती हूँ!" मी म्हटलं. काय ती माझी अक्कल! दुसऱ्या दिवसापासून विहीर बंद.

हे म्हणाले, "माफी माग, आणि घरी आणून गाळत जा." मी म्हटलं, "देवाचं काम चोरून करू?" आणि लांबच्या नाल्यातल्या झिऱ्यावरून घागरी वाहू लागले, मान ताठ, कंबर वाकडी.

मग झिरा आटला आणि त्याच दिवशी लेक तापली. हे औषधाला धारला गेलेले. घागर कोरडी, पोरीचे ओठ त्याहून कोरडे. तिला टाकून जाऊ कुठे? दारात बसून नाम घेत होते. नाम कसलं, मधूनमधून धमक्याच. ढगांकडे बघत होते. शेवटी धमक्याही संपल्या. म्हटलं, पोर तुझी आहे, तुला हवं तसं कर.

तेवढ्यात पायवाटेवर गेंदाबाई, डोक्यावर घागर, घागरीच्या तोंडाला पांढरं फडकं.

"ले. छाणी ने लई हूँ. एक गठरी वाळी बई के गी, थारी छोरी तप री हे."

निरोप सांगून गेलेली ती गाठोडंवाली बाई गावात कुणी पाहिली नव्हती. कोण ती, हे विचारणं मी केव्हाच सोडलं.

सवयीने माझा हात आपल्या फडक्याकडे गेला. गेंदाबाई बघत होती. मी हात मागे घेतला आणि तिच्या हातचं गाळलेलं तसंच लेकीला पाजलं. ताप उतरला. विहीर उघडली.

मी आभाळाकडे पाहत बसले होते, त्याने मात्र जिथे भांडले त्याच दारातून पाठवलं. कुठून द्यायचं ते त्यालाच ठरवू द्यावं. दंडवत त्याला, आणि गेंदाबाईला. बाकी माफी मी अजून मागितलेली नाही. आता नातू म्हणतो, "आजी, ये मशीन का पानी है, क्यों छान रही हो?" म्हणते, "भिया, मशीनला दया कुणी शिकवली?"