परत आलेला दशमांश

बाळांनो, नव्वदच्या दशकात सुरतेतली पांडेसऱ्याची कापड रंगवायची डाइंग मिल बंद पडली आणि तुमच्या आजोबांची नोकरी गेली. ते शिकवण्या घेऊ लागले. त्या तुटपुंज्या कमाईचाही दशमांश ते पाकिटात घालून चर्चमध्ये देत. एका संध्याकाळी पाळकसाहेब ते पाकीट घेऊन घरी आले.

"भाऊ, सध्या घरात वापरा. प्रभू काय हिशेब मागतो का?"

"तो मागत नाही, साहेब, मीच देतो," आजोबा म्हणाले. "सगळ्यांचं घेता, मग माझंच नको?"

पाळकसाहेबांच्या मनात मायाच होती. पाकीट टेबलावर ठेवून ते गेले. त्यानंतर उपासनेत दानाची थैली फिरू लागली की आजोबा उठून बाहेर पायरीवर बसत. मी माझ्या पगारातून दोघांचं म्हणून टाकत असे. त्यांनी ते कधी आपलं मानलं नाही.