लेबल खरवडलेली रेकॉर्ड

"काका, परत तेच. गाणं सापडलं नाही म्हणतोय."

सुनीताताईंनी फोन भोंग्यासमोरून काढला. मी ब्रेक ओढला आणि रेकॉर्ड थांबली. डोंबिवलीच्या माझ्या ब्लॉकमधल्या मागच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. मी, ठाण्याच्या एका शाळेत शिकवणाऱ्या सुनीताताई आणि त्यांची आई यमुनामावशी. मावशींचं वय चौऱ्याऐंशी. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं त्यांचं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं, तेव्हा माळ्यावर हा ग्रामोफोन निघाला. सोबत एकच रेकॉर्ड. तिच्या मधलं कागदी लेबल कुणीतरी मुद्दाम खरवडून काढलेलं.

"माझ्या आजोबांनी काढलं," मावशी म्हणाल्या. "त्यांच्या बहिणीचं नाव होतं ना त्यावर."

बहीण म्हणजे चंद्रा. गाण्यापायी घर सोडून गेली. आजोबांनी तिचं नाव टाकलं, घरात ते उच्चारायची बंदी केली. मावशींचे वडील मात्र आजोबा बाजारात गेले की गुपचूप ही रेकॉर्ड लावायचे. "ही माझी आत्या," म्हणायचे आणि कोणी येईल म्हणून गाणं संपायच्या आत सुई उचलायचे. मावशी तेव्हा सात-आठ वर्षांच्या. त्यांचा धाकटा भाऊ पांडुरंग पाळण्यात. त्याचं आजही म्हणणं होतं की अशी कोणी आत्या नव्हतीच. बाजारातून आणलेली रेकॉर्ड आहे, ताईच्या डोक्यात वडिलांनी काहीतरी भरवलं.

"सर्वपित्रीला आमच्यात सगळ्यांच्या नावाने पान ठेवतात," मावशी म्हणाल्या. "तिचं कधी ठेवलं नाही. या वेळी ठेवायचंय. पांडू म्हणतो, पुरावा दाखव."

मी एका कारखान्यात टेक्निशियन होतो. पण ग्रामोफोनचं काम त्याआधीचं. कल्याणला नानाशेटच्या दुकानात दोन वर्षं उमेदवारी केली, तेव्हा शिकलो. दुकानात सदैव सोल्डरिंगचा आणि मशीन ऑइलचा वास. एकीकडे व्हॉल्वचे रेडिओ तापत पडलेले, दुसरीकडे कोणाच्या तरी लग्नात आलेला ग्रामोफोन पोटातली स्प्रिंग बाहेर काढून बसलेला. आता घरीच हे काम करतो. टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगांमधून गिऱ्हाईक येतं. शोपीस म्हणून घेतलाय, वाजता करून द्या म्हणतं. मशीन वाजलं की लगेच फोन पुढे करतं. ॲप गाण्याचं नाव सांगतं, सगळे टाळ्या वाजवतात. मलाही त्यात मजा येते. नानाशेट असते तर त्यांनी फोन उलटा करून त्याचे स्क्रू शोधले असते.

हे ॲप दहा-बारा सेकंद ऐकतं. आवाजाचा ठसा घेतं आणि स्वतःजवळच्या ठशांशी ताडून पाहतं. म्हणून स्पीड बरोबर लागतो. रेकॉर्ड जोरात फिरली तर आवाज चिरका होतो आणि ठसा जुळत नाही. मी रेकॉर्डखाली कागदाची पट्टी ठेवली आणि घड्याळ लावून मिनिटाचे फेरे मोजले. ठरलेल्या अठ्ठ्याहत्तरपेक्षा चांगलेच जास्त निघाले. मशीनमध्ये स्पीड आवरणारा भाग असतो, त्याला गव्हर्नर म्हणतात. त्याचं तेल सुकून तो अडकत होता. दुरुस्तीला दोन दिवस लागतील, असं सांगून मी मशीन आणि रेकॉर्ड ठेवून घेतली.

गव्हर्नर साफ करून स्पीड लावला. बाईचा आवाज खाली आला, भरदार झाला. ठसा तरीही जुळला नाही. मग मी ॲपचा दुसरा प्रकार लावला, गुणगुणलं तरी चाल ओळखणारा. त्याने लगेच नाव दिलं. गायिका मात्र भलतीच, पुष्कळ नंतरच्या काळातली.

मी सुनीताताईंना फोन केला. "ताई, ॲपने गायिका दुसरी दाखवलीय. तुमची चंद्रा नसावी."

पलीकडे फोन मावशींकडे गेला. मी तेच पुन्हा सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. मग फोन कोणीच ठेवला नाही. भांड्यांचा आवाज येत राहिला. शेवटी मीच ठेवला.

दुपारी रेकॉर्ड बांधायला घेतली आणि सवयीने उलटी करून पाहिली. मागची बाजू कोरी. म्हणजे एकाच बाजूला गाणं असलेली, फार जुनी लाखेची रेकॉर्ड. आणि मी तिला एका नंतरच्या बाईच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो! ॲपने आवाज ओळखलाच नव्हता, चाल ओळखली होती. जुन्या चाली दहा जणी गातात.

मग नानाशेट आठवले. अशी एका बाजूची रेकॉर्ड आली की ते मला सुई उचलू देत नसत. "थांब रे. बाई नाव सांगून जाईल." त्या काळी रेकॉर्ड छापायला परदेशात जात. तिथल्या लोकांना लेबल कोणाचं लावायचं ते कळावं, म्हणून गाणं संपताना गाणारी स्वतःचं नाव बोलायची. सगळ्या नाही, पण बऱ्याच जणी.

मी ही रेकॉर्ड शेवटपर्यंत एकदाही वाजवली नव्हती. कारण मधल्या भोकापासून केसासारखी चीर निघून दोन बोटं बाहेर आली होती. सुई बाहेरून आत सरकते, त्यामुळे सुरुवात सुरक्षित होती, चीर होती ती शेवटाला. सुई धरणारा साउंडबॉक्स जड असतो. त्याच्या वजनाने तिथे रेकॉर्ड दुभंगली असती.

मी परत फोन लावला. आधी चूक कबूल केली. मग धोका सांगितला. "मावशी, वाजवली तर फुटू शकते. वडिलांची एवढीच आठवण आहे तुमच्याकडे. तुम्ही म्हणाल तसं."

"मी येते," त्या म्हणाल्या. "पांडूला पण आणते."

रविवारी सकाळी आले. पांडुरंगराव दाराशीच म्हणाले, "केळकर साहेब, उगाच म्हातारीला आशा लावू नका." मी स्टीलच्या सुईऐवजी बांबूची सुई लावली, ती रेकॉर्डला कमी ओरबाडते. दुसऱ्या एका फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. चावी पूर्ण भरली.

गाणं सुरू झालं. मावशींनी डोळे मिटले. दोनेक मिनिटांनी सुई चिरेवर पोचली. टक्, टक्, दर फेऱ्याला एक. माझा हात ब्रेकवर होता. सुनीताताई माझ्याकडे बघत होत्या. मी मावशींकडे बघितलं. त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. वाजू दे.

गाणं संपलं. नुसती खरखर. आणि मग एक बाई, गाण्यातल्यापेक्षा अगदी वेगळ्या, घाईच्या आवाजात, जवळजवळ हसत म्हणाली, "चंद्राबाई, ठाणेकरीण."

मी ब्रेक ओढला. रेकॉर्ड शाबूत होती.

मावशींनी हात पुढे केला आणि भोंग्याच्या कडेला लावला. "आत्ये गो," म्हणाल्या. "बोललीस गो बाय." मग पदर तोंडाला लावून रडल्या. खूप वेळ.

पांडुरंगराव खिडकीशी उभे होते. "ठाण्यात चंद्रा काय एकच होती?" म्हणाले, पण हळू आवाजात. थोड्या वेळाने मला म्हणाले, "ते रेकॉर्डिंग मला पण पाठवा."

सर्वपित्रीला पान ठेवलं, असं सुनीताताईंनी कळवलं. पांडूमामाला अजून पूर्ण पटलेलं नाही, पण जेवायला आला आणि वाद घालत दोनदा खीर घेतली.

चंद्राबाईंचं नाव मी नंतर ॲपमध्ये टाकून पाहिलं. काही नाही आलं. दोष ॲपचा नाही. त्याला माहीत असतं ते सांगतं. माहीत नसलं तर जवळचं काहीतरी सांगतं, आणि दोन्ही वेळा सारख्याच खात्रीने. चूक माझी होती. दहा सेकंदांत मिळालेलं उत्तर मी चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला फोनवर सांगून टाकलं. आता कोणतीही रेकॉर्ड आली तर आधी पूर्ण ऐकतो. गिऱ्हाईक घाईत असलं तर त्याला चहा देतो.