गाठीखालचा फुटवा

शिवणयंत्रावर बसल्याबसल्या दिसावं, म्हणून धाकटीने मॅग्नोलियाचं कलम खिडकीसमोर लावलं होतं. पाच वर्षं धीर धरा, पानांआधी ओंजळीएवढी गुलाबी फुलं येतील, असं माळ्याने सांगितलं होतं. चौथ्या हिवाळ्यात ती आजारी आईजवळ माहेरी राहिली. परतली तर खिडकीसमोर वीतभर खुंट.

थोरली जाऊ म्हणाली, झाड वठलं होतं, अंगण साफ केलं.

कचऱ्यातल्या काड्यांवर मखमली कळ्या होत्या. वठलेल्या झाडाला कळ्या धरत नाहीत, हे थोरलीला कळत नव्हतं थोडंच? धाकटी चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून माळ्याकडे गेली आणि नव्या खुंटावर कलम बांधून आणलं. कुंडी मागच्या भिंतीआड ठेवली.

वसंतात जुना खुंट तरारून फुटला. माझ्या हाताला गुण आहे, असं थोरली चारचौघांत सांगू लागली. माळ्याने वाकून पाहिलं. पानाच्या देठाशी काडीभोवती बारीक कडं होतं, म्हणजे जात मॅग्नोलियाचीच. पण फुटवा कलमाच्या गाठीखालचा, म्हणजे खालच्या रानटी खुंटाचा. याला पांढरी, चिंध्यांसारखी फुलं येणार.

"हे कुणाला सांगू नका," धाकटी म्हणाली.

पुढे दोघी जावांच्या वाटण्या झाल्या. खिडकीसमोरचं झाड मलाच हवं म्हणून धाकटीने डोळे पुसले, नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला. मग काय, थोरली हट्टालाच पेटली आणि झाडाची बाजू घेऊन बसली. धाकटीला मागची भिंत मिळाली. कुंडीतलं कलम तिने त्याच दिवशी जमिनीत लावलं.

थोरलीने सात वर्षं त्या झाडाला पोटच्या पोरासारखं जपलं. कळ्या धरल्या तशी लेकीच्या सासूला खास बोलावणं धाडलं. विहीणबाई आल्या, त्या विटक्या चिंध्यांकडे बघून "छान आहे हो" म्हणाल्या आणि चालत थेट मागच्या भिंतीशी गेल्या. तिथे पान नव्हतं, नुसता गुलाबी डोंगर. चहा निवला तरी त्या हलल्या नाहीत.

त्या गेल्यावर थोरली धाकटीच्या दारात आली.

"तुला ठाऊक होतं."

"हे ते वठलेलंच झाड, ताई. तुम्ही टाकलंत, मी उचललं."

थोरलीची नजर मागच्या भिंतीकडे गेली. मग पडलेल्या आवाजात म्हणाली, "एक काडी देशील?"

"देईन की."

धाकटी कात्री घेऊन आपल्या झाडाशी वाकली. गाठीखालून फुटलेली काडी तिरकी कापली आणि ओल्या फडक्यात नीट गुंडाळून थोरलीच्या हातात ठेवली.