फोटोपुरती लाभार्थी

“टी-शर्टवरून ओढणी घे,” काकू म्हणाल्या. “क्लबचं नाव दिसतंय.”

क्लबात माझ्यासोबत असलेल्या दिव्याची ओढणी मी घेतली. आधी छाती झाकली, मग खांदे. नाव पाठीवरही होतं. काकूंनी मागून ओढणी ओढून सारखी केली.

“आता चप्पल काढ.”

काढली. वेलचेरीतल्या आमच्या गल्लीत पुराचं पाणी घोट्याच्या वर होतं.

काकू म्हणजे क्लबच्या अध्यक्ष. मूळच्या पुण्याच्या. यजमान आयटीत मोठ्या हुद्द्यावर. गल्लीच्या तोंडाशी टॉवर आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर त्या राहत. माझी आई त्यांच्याकडे पोळ्या करायची. आम्ही सांगलीकडचे; वडील गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटी कामगार. “आपली मराठी मुलगी आहे,” म्हणून काकूंनी मला क्लबच्या युवा शाखेत घेतलं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते.

त्या शाखेने मला बरंच दिलं, हे नोंदवायला हवं. माइकसमोर बोलायला मी तिथे शिकले. सभा कशी चालवायची, रक्तदान शिबिरात घाबरलेल्या माणसाशी काय बोलायचं, तेही तिथेच. एग्मोरच्या एका हॉटेलात क्लबच्या सभा व्हायच्या. तिथे टेबलावर माझ्या नावाची पाटी असायची. नावाखाली ‘सभासद’. मी कुणाच्या घरी पोळ्या करणारीची मुलगी, ते पाटीवर नसायचं.

त्या दिवशी आमच्याच गल्लीत शिध्याच्या पिशव्या वाटायच्या होत्या. तांदूळ, डाळ, बिस्किटं, मेणबत्त्या. पिशव्या आम्हीच भरल्या होत्या. प्रमुख पाहुणे एग्मोरहून निघून वाटेत पाण्यात अडकले होते. पाहुणे आल्याशिवाय वाटप सुरू करायचं नाही, ही क्लबची रीत. काकूही त्यांना घेऊन यायला मुख्य रस्त्यावर गेल्या होत्या. बायका पोरं कडेवर घेऊन पाण्यात उभ्या होत्या.

मी म्हटलं, देऊन टाकू.

“अक्का, मॅडम कत्तुवांग,” दिव्या तमिळमध्ये म्हणाली. ओरडतील.

आम्ही देऊन टाकलं.

पाहुणे आले तेव्हा बायका घरी गेल्या होत्या. एक पिशवी उरली होती. बॅनर होता, फोटोग्राफर होता. घेणारं कुणी नव्हतं. काकूंनी गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे.

“तू इथलीच ना? तुमच्याही घरात पाणी शिरलंय. मग त्यात खोटं काय?”

खोटं काही नव्हतं. पाणी टॉवरच्या तळघरातही शिरलं होतं. काकूंची गाडी त्यात बुडाली होती. त्यांना कुणी पिशवी घ्यायला उभं केलं नाही.

पाहुण्यांनी पिशवी पुढे केली. मी हात पुढे केले.

“सिरिक्कादे म्मा,” फोटोग्राफर म्हणाला. हसू नकोस. मी हसत नव्हते.

मागून युवा शाखेतलं कुणीतरी ओरडलं, “सूपर ॲक्टिंग, अक्का!” सगळे हसले. पाहुणेही हसले.

फोटोत पाहुण्यांचे डोळे मिटले होते. मी पिशवी त्यांना परत दिली, त्यांनी ती पुन्हा मला दिली. मग वाऱ्याने बॅनर दुमडला. पुन्हा परत, पुन्हा घेतली. मला राग आला नव्हता. रडूही येत नव्हतं. पाय गार पडलेत, एवढंच कळत होतं.

“जरा वाकून घे गं,” काकू म्हणाल्या. “पाहुण्यांचा चेहरा झाकला जातोय.”

मी हात खाली सोडले.

पिशवी तशीच अधांतरी राहिली.

“हात पुढे कर.”

केले नाहीत.

“ऐकू येत नाही का?”

“येतं. मी सभासद आहे.”

ओढणी काढून मी दिव्याला दिली. काकू जवळ आल्या. इतका वेळ त्यांचा आवाज सगळ्यांसाठी होता, आता फक्त माझ्यासाठी. “सभासद मी केलं तुला. कुणाच्या घरचं खाऊन वाढलीस, ते आईला विचार.”

मग टॉवरच्या वॉचमनला बोलावलं. तो वाकला. फोटो चांगला आला. पुढच्या सभेला टेबलावर माझी पाटी नव्हती. मी परत फिरले.

आईचं काम त्याच आठवड्यात गेलं. तिने मला एकच विचारलं, “हात पुढे केला असतास, तर काय झिजला असता?” तिने दुसरी घरं धरली; लांबची, जास्त कामाची. बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिचं चुकलं नव्हतं. मान माझा राहिला होता, काम तिचं गेलं होतं.

आता वेलचेरीत आम्ही काही जण मुलांचा गट चालवतो. शनिवारी अभ्यास आणि जेवण, पावसाळ्यात मदत. मुलांना माइकसमोर उभं कसं राहायचं, ते मी शिकवते. क्लबात शिकले तसंच शिकवते.

मध्यंतरी त्याच क्लबमधून फोन आला. अध्यक्ष नव्या होत्या. वार्षिक समारंभात ‘क्लबने माझं आयुष्य कसं बदललं’ यावर बोलाल का? मी म्हटलं, बोलेन, सगळं बोलेन. काय काय, तेही थोडक्यात सांगितलं.

“आपण पॉझिटिव्ह ठेवू या ना, मॅडम,” त्या म्हणाल्या.

मी नाही म्हटलं.

त्यानंतर एक देणगीदार तांदूळ घेऊन आले. चांगला माणूस. एकच अट होती: प्रत्येक मुलाला पोतं धरून त्यांच्यासोबत उभं करायचं. आई तिथेच होती. म्हणाली, “घे की गं. पोरं जेवतील.”

मी तांदूळ परत पाठवले. त्या शनिवारी पातेलं लवकर रिकामं झालं. शेवटच्या मुलांना भात कमी पडला. का कमी पडला, ते मी त्यांना सांगितलं. एकाने विचारलं, “फोटो काढला असता तर काय झालं असतं?” मी तेही सांगितलं, भात सगळ्यांना पुरला असता हेही; काही गाळलं नाही.

ती अट घेऊन पुन्हा कुणी आलं, तर पुन्हा परत पाठवीन.