एक्केचाळिसावी ओळ

जगातली निम्मी माणसं आपली चूक लपवतात आणि उरलेली ती दुसऱ्याच्या माथी मारतात. चूक सापडत नाही म्हणून जेवण सोडणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे रिसोडचे आमचे साडू. तिथल्या शाळेतले शिपाई चाचा महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. उभा जन्म त्यांनी रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारून घंटा दिली. आता ती संगणकावरून आपोआप वाजावी म्हणून साडूंनी प्रोग्राम लिहिला. सगळ्या घंटा वाजायच्या. शाळा सुटायची पाचची तेवढी कधी वाजे, कधी गप्प.

प्रोग्राम लिहायचा तो एडिटर, आणि एकेक ओळ थांबवून चूक पकडायची तो डिबगर. साडूंच्या म्हाताऱ्या संगणकावर ही दोघं एकत्र नांदत नसत. म्हणून एडिटर घरात आणि डिबगर गल्लीपलीकडे ताईंच्या, म्हणजे साडूंच्या बायकोच्या, शिलाईच्या दुकानात. पेनड्राइव्ह गळ्यात बांधून साडू बनियनवर दिवसभर गल्ली ओलांडत. भाजीवाला त्यांच्यासाठी गाडी थांबवायचा. ब्लाउज बेतता बेतता ताई ओरडत, "आवं, एक्केचाळीसवर थांबलं!"

"काहून थांबलं?"

"मले काय इचारता? त्यालेच इचारा!"

डिबगरमध्ये घड्याळाचे हातानं पाच वाजवले की घंटा इमानानं वाजे, मोकळी सोडली की रुसे. समोरच्या काकूंनी तर पेनड्राइव्हवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. तरी गुण येईना.

एक दिवस निरोपाच्या कार्यक्रमासाठी कुर्ता शिवायला चाचाच दुकानात आले.

"कोन्त्या टायमाले वाजते थे?"

"बरोबर पाचले, चाचा. एका सेकंदाचा फरक नाही," साडू म्हणाले.

चाचा हसले. "बरोबर पाचले तं मीबी कदी वाजोली नाही, बेटा. कोणी बोलत राह्यलं तं पाच निघून जातात. मंग काय, पोट्टे तसेच बसू द्याचे?"

साडू अनवाणीच घराकडे पळाले. शाळा सुटायच्या घंटेसाठी एक्केचाळिसाव्या ओळीत प्रोग्राम नेमका पाचचाच सेकंद शोधत होता. तो हुकला की संपलं. त्यांनी 'बरोबर पाच' खोडून 'पाच किंवा त्यानंतर' लिहिलं, आणि आठवडाभर घंटा एकदाही चुकली नाही.

निरोपाच्या दिवशी सारी शाळा मैदानात बसली होती. चाचा नव्या कुर्त्यात, रिकामे हात मागे बांधून उभे. पाच वाजले, वाजून गेले. घंटा गप्प.

साडू शाळेच्या संगणकावर वाकले. "चाचा, एक्केचाळीसवर थांबलं. तुमालेच वाजवा लागते."

मी मागून डोकावलो. तिथेही डिबगर उघडा होता, आणि एक्केचाळिसाव्या ओळीपुढे लाल ठिपका होता, त्याला 'इथे थांब' सांगणारा. तो आपोआप येत नाही, हातानं लावावा लागतो. मी साडूंकडे पाहिलं, तर ते चष्मा पुसत होते.

चाचांनी हातोडा उचलला. शाळा सुटल्याचे ठोके केव्हाच देऊन झाले, तरी ते मारतच राहिले, आणि एकही पोरगं जागचं उठलं नाही.