एट्रुस्कन विधवेची साक्ष

माझ्या रहस्यकथेतल्या विधवेने खून होताना पाहिला आहे. ती प्राचीन इटलीतली, रोमचं राज्य पसरण्याआधी तिथे नांदलेल्या एट्रुस्कन लोकांपैकी. त्यांच्या कायद्यात बाईची साक्ष चालायची का, एवढंच शोधायला मी महिनाभर ग्रंथालयात जात होते. पण त्यांची पुस्तकं जवळजवळ उरलीच नाहीत. उरलं ते परक्यांनी लिहिलेलं. काल एका ग्रीक लेखकाचा उतारा मिळाला: यांच्या बायका पुरुषांच्या पंगतीला बसतात, म्हणून निर्लज्ज!

मी पुस्तक आपटलंच. ग्रंथपाल शालिनीताई दचकल्या. मी त्यांना उतारा वाचून दाखवला.

"माझ्या सासूबाई हेच म्हणायच्या," त्या म्हणाल्या. "नवी नवरी असताना एकदा ह्यांच्या शेजारी ताट घेऊन बसले, तर वर्षभर ऐकवलं मला."

एक अख्खा समाज बुडाला, आणि त्याच्या बायकांबद्दल जगाने जिवापाड जपलं काय, तर टोमणे! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

घरी येऊन मी विधवेला न्यायाधीशांपुढे उभं केलं आणि सलग पाच पानं बोलू दिलं. तिला गप्प बसवणारा कायदा कुणाला सापडला, तर त्याने खुशाल आणून दाखवावा.